शीलाचे तास

रविवार, २७ एप्रिल २००३

ही वही शीलाच्या सांगण्यावरून घेतली आहे. मला लिहिण्याची सवय नाही. बी.कॉम. झाल्यापासून दुकानाच्या हिशेबापलीकडे सलग चार ओळी लिहिल्या नसतील.

शीला म्हणजे धम्मशीला, माझी पत्नी. इथे लंडनच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि नऊ वर्षांपासून ब्रिटिश टेरिटोरियल आर्मीतही आहे. म्हणजे एरवी आपली नोकरी करायची, वर्षातले काही शनिवार-रविवार आणि पंधरा दिवस फौजेचं हॉस्पिटल चालवायचं शिकायचं आणि बोलावणं आलं की जायचं. मार्चमध्ये बोलावणं आलं. आता ती इराकमध्ये बसऱ्याजवळ तंबूतल्या हॉस्पिटलात आहे, सहा महिन्यांसाठी. तिचे वडील बबनराव आमच्याकडेच असतात. मी त्यांना मामा म्हणतो. ते भारतात महार रेजिमेंटमध्ये स्टोअरचे हवालदार होते. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी तिचे बूट स्वतः पॉलिश केले. मला काय वाटलं ते मी कोणाला बोललो नाही.

माझं हाउन्सलोत हाय स्ट्रीटच्या मागे कपडे आल्टर करायचं दुकान आहे. विमानतळावरच्या लोकांचे युनिफॉर्म जास्त. वर आम्ही राहतो. चौदा वर्षं झाली. येत्या जानेवारीत लीज संपते आणि मालक भाडं वाढवणार आहे.

शीला जाताना एक फॉर्म ठेवून गेली. बोलावलेल्या माणसाच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा छोटा धंदा असेल आणि त्या माणसाच्या जाण्याने तो अडत असेल, तर सरकार मदत देतं. शीलाच्या जागी बाई ठेवता येईल आणि जानेवारीपर्यंत दुकान तग धरेल, असा तिचा हिशेब. तिने तिचा भाग भरला आहे. 'धंद्यातलं स्थान' या चौकटीत लिहिलंय भागीदार. 'आठवड्याचे तास' या चौकटीत बावीस. खाली मी सही करायची आहे की वरील सर्व खरं आहे.

मी सही केली नाही. ती हॉस्पिटलातून आल्यावर दुकानात हात लावते, काज-बटणं करते, फोन घेते, हे खरं आहे. पण घरचं माणूस मदत करतं त्याला कोणी तास लावत नाही. तिला पगार नाही, कुठल्याही कागदावर तिचं नाव नाही. रोज सकाळी आम्ही पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही असं म्हणायचं आणि दुपारी सरकारला बावीस लिहून द्यायचं, हे मला जमणार नाही.

तिला आठवड्याला वीस मिनिटं फोन मिळतो. आज मी तिला हे सांगितलं. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे रागावली की नाही ते कळत नाही. मग म्हणाली, "बरं. एक वही घ्या. मी करत होते ते आता तुम्हाला करावं लागेल, ते रोज लिहून ठेवा. बावीस भरले की सही करा."

हे मला योग्य वाटलं.

शनिवार, ३ मे

या आठवड्यात तिच्या वाटणीचं काम: बटणं एक तास, फोन अर्धा तास, कोटांना चिठ्ठ्या लावणं पाऊण तास, मापाच्या पडद्यामागची झाडलोट पाव तास. एकूण अडीच तास.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी फिरायला जायचं सोडलं. ब्लडप्रेशरसाठी शीला मला या दोन दिवशी साडेसहाला हटकून बाहेर काढायची. पाऊस असला तरी छत्री हातात द्यायची. पार्कला वळसा घालून आठपर्यंत परत यायचं नाही, असा तिचा नियम. आता दुकान कोण बघणार?

गुरुवारी एक बाई दारातून आत आली, शीला आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर पुन्हा येईन म्हणाली. मंगळवारीही एक येऊन गेली. धंदा मंदा आहे. लढाई आणि पूर्वेकडचा तो सार्सचा आजार, यामुळे विमानंच कमी उडतात.

शुक्रवार, १६ मे

बुद्ध पौर्णिमा. मामांना घेऊन विहारात गेलो. खीर चांगली होती. मंजिरी भेटली, ती पूर्वी ब्लाउज शिवायची. शीलाताईंनी तिला विचारून ठेवलं होतं म्हणे, आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकानात याल का म्हणून. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, सध्या काम कमी आहे, कळवतो.

परत येताना बसमध्ये मामा म्हणाले, "जावईबापू, तुमची वही भरली का?"

मी म्हटलं, आठवड्याला सरासरी तीन तास.

"आमच्या वेळी एक क्वार्टरमास्टर होता," ते म्हणाले, "त्याला फक्त स्वतःच्या चावीने उघडणारी कुलपं दिसायची." आणि खिडकीबाहेर बघत बसले. म्हातारपणी माणूस असं तुटक बोलतं.

बुधवार, ११ जून

आज वाईट झालं. एका एअरलाइनची सुपरवायझर चार नव्या मुलींना घेऊन आली. स्कर्ट कमरेत घ्यायचे होते. मी बायकांची मापं स्वतः घेत नाही, घेतलीच तर अंगाला हात न लावता घेतो. पडदा ओढून त्यांच्याच हातात टेप दिला आणि आकडे सांगा म्हटलं. त्यांनी सांगितले तसे केले. आज चारही स्कर्ट परत आले. एक तर चेनच लागत नाही.

सुपरवायझर रागावली नाही. तिने पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली की शीला आली की आम्हाला फोन करा.

उसवून पुन्हा शिवायला तीन तास लागले. ते वहीत धरायचे का? चूक माझी होती. धरले नाहीत.

रविवार, २९ जून

चेन ठेवायच्या खणाच्या मागे राखाडी रंगाचा एक लांबट खोका सापडला. आत कार्डं, शीलाच्या अक्षरात. वर बाईचं नाव आणि फोन इंग्रजीत, खाली सगळं मराठीत. 'डावा खांदा उतरता. आतून खिसा, मऊ कापडाचा. घाई करू नये.' दुसऱ्यावर 'आज पहिल्यांदा बोलली.' प्रत्येक कार्डाला तारीख आणि वेळ, हॉस्पिटलात लिहितात तशी, १८.३५ ते १९.५०. आतून खिसा कशाला असेल? बसमध्ये पाकीट मारतात म्हणून असेल.

फोनवर विचारलं. ती म्हणाली, "ती कार्डं जागच्या जागी ठेवा. त्या बायकांना मी शब्द दिलाय, माझ्याशिवाय कोणी बघणार नाही म्हणून." मग पुन्हा मंजिरीला बोलवा म्हणाली. तिला द्यायला पैसे कुठून आणू, असं मी विचारलं, तर म्हणाली, फॉर्मवर सही करा.

मी म्हटलं, गेल्या आठवड्यात साडेचार तास भरले. त्यात पंखे पुसण्याचा एक तास आहे.

ती हसली. तिकडे तंबूत पन्नास डिग्री आहे म्हणे.

सोमवार, २८ जुलै

फॉर्मच्या ऑफिसातून पत्र आलं. मुदत ३१ला संपते, दावा करायचा नसेल तर तसं कळवा. मी आजच उत्तर लिहून टाकलं. इंग्रजी माझं साधं पण बिनचूक आहे. 'माझी पत्नी घरातली एक व्यक्ती म्हणून अधूनमधून मदत करत असे. मी तीन महिने नोंद ठेवली आहे. ती मदत आठवड्याला पाच तासांहून कमी भरते. दावा करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.' पेटीत टाकून आलो.

मामांना सांगितलं तर त्यांनी जेवणाचं ताट पुढे सरकवलं आणि उठले. भात अर्धा राहिला होता.

दिया, आमची मुलगी, सुट्टीत मँचेस्टरहून आली आहे. तिने खोका बघितला आहे असं वाटतं.

रविवार, १० ऑगस्ट

इथेही असह्य उकाडा. दुकानात इस्त्री धरवत नाही. मालकाचं पत्र आलं, लीज पुढे न्यायची असेल तर डिसेंबरपर्यंत सांगा. गेल्या वर्षीच्या निम्मंही काम नाही.

शीलाचा फोन आला. मी पत्राचं सांगितलं. बराच वेळ आवाज आला नाही. लाइन तशीच आहे.

मग म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या. तुमच्या वहीत किती आलं ते सांगा."

"आठवड्याला पाच," मी म्हणालो. खरं तर चार पूर्णांक सहा होते. तिच्या बाजूने धरून पाच सांगितले.

"बरं," ती म्हणाली. "जेवलात का?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, मंगळवार-गुरुवारचं फिरणं सोडू नका. मग वेळ संपली.

बुधवार, २० ऑगस्ट

काल सव्वापाचला दुकानाची घंटी वाजली. दोघं होते, एक गणवेशात. मी टेप गळ्यात घालून पुढे झालो आणि विचारलं, बाही की लांबी?

ॲम्ब्युलन्स उलटली. पेशंटला नेत असताना, रस्त्याकडेच्या कालव्यात. ती मागे पेशंटजवळ बसली होती. पेशंट वाचला.

मामांनी एकच विचारलं, ड्यूटीवर होती ना?

रविवार, ७ सप्टेंबर

मंगळवारी तिला निरोप दिला. विहारातले भन्तेजी आले होते, फौजेचे सहा जण होते, बिगुल होता. मामा उभे राहिले ते शेवटपर्यंत बसले नाहीत.

मला रडू आलं नाही. लोकांना ते दिसलं असणार.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

दुकान पुन्हा उघडून चार दिवस झाले. बायका येत आहेत. काम घेऊन नाही. दाराशी थांबतात, फुलं किंवा कार्ड ठेवतात, पडद्याकडे बघतात आणि जातात. मी मोजल्या, आजपर्यंत सतरा. त्यांतल्या तिघी-चौघींना मी ओळखतो, बाकीच्या कधी दुकानात आलेल्या मला आठवत नाहीत.

कुलदीप कौर म्हणून एक बाई थांबली. हीथ्रोला सिक्युरिटीत आहे, पन्नाशीची. मी चहा दिला. तिने कप हातात धरून ठेवला. म्हणाली, "भाईसाब, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं मी आरशात बघितलं नव्हतं. पहिल्यांदा बघितलं ते तुमच्या त्या पडद्यामागे. शीला माझा हात धरून उभी होती."

हॉस्पिटलातून मिळतं ते खोटं स्तन नीट बसत नाही, युनिफॉर्म एका बाजूने लोंबतो, लोकांच्या लक्षात येतं. शीला आतून खिसा लावून द्यायची, खांदा उचलून घ्यायची. एकीने दुसरीला सांगितलं. बाहेर पुरुष बसलेला असेल तर कोणी यायला तयार नव्हतं. म्हणून मंगळवार आणि गुरुवार.

मी कुलदीप कौरना दारापर्यंत पोचवलं. मग पार्कला एक वळसा घालून आलो. छत्री घेतली नव्हती, पण पाऊसही नव्हता.

रविवार, २१ सप्टेंबर

मामा खाली येऊन माझ्या खुर्चीवर बसले. त्यांनी वही मागितली. मी कधी कोणाला दिली नव्हती, पण दिली. चष्मा पुसून त्यांनी पानं उलटली.

मी म्हटलं, मामा, मी खोटं काही लिहिलेलं नाही.

"नाही लिहिलं," ते म्हणाले. "पण फौजेत हजेरी घेताना गैरहजरही लिहितात. तुम्ही फक्त हजर लिहिले."

मग त्यांनी सांगितलं की वर पडल्या पडल्या त्यांना घंटी ऐकू यायची. शीला दुकानात उतरायची साडेपाचला. मंगळवारी तीन वेळा घंटी, गुरुवारी तीन, कधी चार. एप्रिलपासून हळूहळू एक, मग एकही नाही. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तिने तुम्हाला मोजायला सांगितलं होतं. मला नव्हतं सांगितलं."

गुरुवार, २ ऑक्टोबर

फौजेतर्फे आमच्याकडे येणारा कॅप्टन चांगला माणूस आहे. तो म्हणाला, मुदत गेली असली तरी अशा प्रसंगात ते फाइल पुन्हा उघडतील. एप्रिल ते १९ ऑगस्ट एवढ्या काळाचं मिळू शकेल. लीजच्या वाढीव भाड्याला तेवढं पुरेल. मात्र मी स्वतःच पाच तास लिहून दिल्यामुळे बावीसला पुरावा लागेल. काहीही चालेल, तिच्या हातच्या नोंदी असल्या तर उत्तम.

दिया परवा परत जाणार आहे. तिने खोका आणून टेबलावर ठेवला. "बाबा, हा सगळा पुरावाच आहे. टाइम आहे, डेट आहे. मम्मीने फुल रेकॉर्ड ठेवलाय."

आम्ही दोघांनी मार्चपर्यंतच्या वर्षाची बेरीज केली. नुसत्या या कार्डांची आठवड्याला साडेपाच तास येते. एअरलाइनच्या मुलींची मापं, फोन, बटणं, कोटांच्या चिठ्ठ्या, शनिवारचं दुकान, हे मामांच्या आणि दियाच्या आठवणीतून वेगळं लिहिलं. ते बावीस भरतं. दोन्ही मिळून साडेसत्तावीस. दोनदा तपासलं. शीला हिशेबाला पक्की होती, मग तिने साडेपाच तास कमी का लिहिले ते मला समजलं नाही.

दियाला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तिने प्रॉमिस केलं होतं ना."

सोमवार, १३ ऑक्टोबर

कॅप्टनला विचारलं, नावं झाकून कार्डांच्या कॉपी दिल्या तर? तो म्हणाला, मग पडताळणी कशी करणार? दोन-चार बायकांना तरी ऑफिसातून फोन जाईल. कुलदीप कौर पत्र द्यायला तयार आहेत. एकीच्या पत्राने वर्षाचे तास सिद्ध होत नाहीत. बाकीच्यांना मी विचारायचं, म्हणजे त्यांचं मला कळलंय हे त्यांना सांगायचं. शीलाने माझ्यापासूनसुद्धा ते झाकलं होतं.

एअरलाइनच्या सुपरवायझरने दोन ओळी दिल्या, की शीला मापं घ्यायची. किती वेळ, ते तिला माहीत नाही.

मी तीन दिवस कार्डं समोर ठेवून बसलो. दुकान राहिलं पाहिजे, हे तिलाच हवं होतं. पण तिने जाताना फॉर्म मागे ठेवला आणि खोका चेनच्या खणामागे लपवला. दोन्ही एकाच दिवशी केलं असणार.

आज जुन्या फॉर्मवर, तिच्या अक्षराखाली, सही केली. बावीस. तारीख आजची घातली. सोबत कुलदीप कौर आणि सुपरवायझर यांची पत्रं आणि मामांचा जबाब. कार्डं नाहीत. माझं जुलैचं पत्र चुकीचं होतं असं वेगळ्या कागदावर लिहिलं. का चुकीचं होतं याला जागा पुरली नाही.

बुधवार, १० डिसेंबर

उत्तर आलं. शब्द सभ्य आहेत. सुरुवातीला दुःख व्यक्त केलं आहे. मग असं की, धंद्याच्या मालकाने त्या वेळी स्वतः ठेवलेली लेखी नोंद ही नंतरच्या आठवणींपेक्षा जास्त विश्वसनीय मानावी लागते. त्या नोंदीनुसार रिझर्व्हिस्टचं, म्हणजे शीलाचं, योगदान किरकोळ होतं. दावा नामंजूर. दाद मागता येईल, पण नवा पुरावा हवा.

मामांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, कोणाची नोंद म्हणतात?

मी म्हटलं, माझी.

मालकाला दुकान सोडतो असं कळवलं.

गुरुवार, २९ जानेवारी २००४

दोन दिवसांनी किल्ली द्यायची. मशीन गेली. आरसा उद्या जाईल. पडदा मी काढला नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला घंटी वाजली. तरुण बाई होती, तिशीची, कोट गळ्यापर्यंत बंद. मँचेस्टरहून बदली होऊन आली आहे. कोणीतरी तिला पत्ता दिला होता, मंगळवार किंवा गुरुवार, शीला. पत्ता देणाऱ्याला बातमी नव्हती.

मी सांगितलं. तिने सॉरी म्हटलं आणि दाराकडे वळली.

दिया मामांना न्यायला आली होती. ते आता तिच्याकडे मँचेस्टरला राहणार आहेत. ती जिन्यावरून खाली आली. तिने माझ्या गळ्यातला टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि त्या बाईला इंग्रजीत म्हणाली, माझ्या आईला वेळ लागायचा, मलाही लागेल, घाई नाही ना? मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही फिरायला जा. आठपर्यंत येऊ नका."

मी छत्री घेतली. पार्कला वळसा घातला. दुसरा घातला. आठ वाजून पाच मिनिटांनी परत आलो तेव्हा ती बाई गेली होती आणि दिया आरशासमोरच्या स्टुलावर बसली होती. खोक्यात एक कार्ड जास्त दिसलं, ते काढून बघितलं नाही.

आजची नोंद:
धम्मशीला. गैरहजर.
१८.३५ ते १९.५०. सव्वा तास.